झारीतला पाऊस

भारतातल्या पावसाळ्याचा एक फोटो जगभर ओळखला जातो. एका तरुण मुलीचा चेहरा, मान वर केलेली, डोळे मिटलेले, नाकात चमकी आणि चेहऱ्यावर पावसाचे टपोरे थेंब. न्यूझीलंडचा फोटोग्राफर ब्रायन ब्रेक १९६० साली मान्सूनच्या मागे भारतभर फिरला, त्या मालिकेतला हा फोटो. १९६१मध्ये 'लाइफ' मासिकात ती मालिका आली आणि पावसाळी भारत म्हणजे काय, हे पाश्चात्त्य वाचकाच्या डोळ्यांत पक्कं बसलं. ती मुलगी म्हणजे अपर्णा दासगुप्ता. आपण त्यांना अपर्णा सेन म्हणून ओळखतो. तेव्हा त्या जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या'तून त्या पडद्यावर आल्या ते या फोटोनंतर. फोटो कोलकात्यातल्या एका गच्चीवर काढलेला. आणि पाऊस? तो झाडांना पाणी घालायच्या झारीतून ओतलेला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. ब्रेकने फसवलं असं मला वाटत नाही. त्या काळच्या मासिकांत असं चालायचं, आणि फोटो देखणा आहे हेही खरं. पण गंमत बघा. हा माणूस स्वतःचं घर, देश, भाषा सोडून पावसाच्या मागे देशभर फिरला. उकाडा, चिखल, भिजलेले कपडे, सगळं सोसलं. आणि मालिकेतल्या सगळ्यांत गाजलेल्या फोटोसाठी त्याला झारी लागली. आभाळातला पाऊस हवा तसा, हव्या त्या चेहऱ्यावर, हव्या त्या उजेडात पडत नव्हता. त्याच्या मनातला पाऊस आधीच ठरलेला होता.

प्रवासी फोटोग्राफीत 'कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा' हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की त्याचा अर्थ विचारायचं आपण सोडून दिलंय. त्या सल्ल्याची तपासणी मला या झारीपासून सुरू करायची आहे.

*

सल्ल्याचा चालू अर्थ आपल्याला रील्समधून पाठ झालाय. पहाटे तीनला उठा. लडाखला जा, स्पितीला जा, वाराणसीच्या घाटावर जा. झूम लेन्स घरी ठेवा, अनोळखी माणसाच्या जवळ जा, लाजू नका. वीकेंडच्या फोटो टूरचं पोस्टर याच भाषेत लिहिलेलं असतं. यात वाईट काही नाही. ज्याने आठवडाभर एसीत बसून जिराची तिकिटं बंद केली आहेत, त्याला पहाटेचा गारवा सोसणं हेही काही कमी नाही.

पण यातला कम्फर्ट झोन फक्त शरीराचा आहे. थंडी, भूक, झोप, लाज. डोळ्याचाही एक कम्फर्ट झोन असतो, आणि तो आपण बॅगेत भरून सोबत नेतो. कुठल्या गोष्टीला 'फोटो' म्हणायचं आणि कुठली गोष्ट फ्रेममधून बाहेर ठेवायची, हे त्याने निघण्याआधीच ठरवलेलं असतं. शरीर हजार किलोमीटर जातं. डोळा घरातल्या सोफ्यावरून हलत नाही.

हे दोन झोन वेगळे आहेत, हे एकदा ध्यानात आलं की काही मोठे फोटोग्राफर वेगळेच दिसायला लागतात. मी इथे चौघांकडे बघणार आहे. चौघांनीही भारतात काम केलं, चौघेही कसले तरी धोके पत्करून बाहेर पडले. पण कोण कशातून बाहेर पडलं, याचं उत्तर दर वेळी वेगळं येतं.

*

पहिले स्टीव्ह मॅकरी. फिलाडेल्फियात १९५० साली जन्मलेले. ते सांगतात की अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांनी 'लाइफ'मधली ब्रेकची ती मान्सून मालिका पाहिली आणि ती डोक्यात राहिली. म्हणजे भारतातला पाऊस त्यांना आधी छापील कागदावर भेटला, आणि तोही थोडासा झारीतला. मोठेपणी ते 'नॅशनल जिओग्राफिक'साठी मान्सूनवर काम करायला इकडे आले. १९८४च्या डिसेंबर अंकात ते काम छापून आलं.

त्यातले दोन फोटो १९८३चे. राजस्थानात ते एका जुन्या टॅक्सीने जैसलमेरच्या दिशेने चालले होते. धुळीचं वादळ आलं. धुळीत कॅमेरा निकामी होतो, त्यामुळे शहाणा माणूस काचा वर करून बसतो. मॅकरी खाली उतरले. रस्त्याच्या कामावरच्या बायका वाऱ्याला पाठ करून, एकमेकींना बिलगून, ओढण्यांत तोंडं झाकून उभ्या होत्या. त्यांचा तो लाल-केशरी घोळका आज पोस्टरपासून कॉफीटेबल पुस्तकांपर्यंत सगळीकडे आहे. दुसरा फोटो पोरबंदरचा. गावात पूर. एक म्हातारा शिंपी गळ्याएवढ्या पाण्यातून शिलाई मशीन खांद्यावर घेऊन येतोय आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. हा फोटो मिळवायला मॅकरी स्वतः त्या घाण पाण्यात उतरले होते.

तेव्हा शरीराच्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी. यात कुणी खोट काढू नये.

आता फोटोकडे पुन्हा बघा. वादळाच्या फोटोत नको असलेलं काही आहे का? रस्त्याचं काम चाललंय, पण फावडं दिसत नाही, खडीचा ढीग दिसत नाही, मुकादम दिसत नाही, ज्या टॅक्सीतून आपण आलो ती दिसत नाही. त्या बायका मजूर आहेत, हे फोटोवरून कळत नाही. त्या कुठल्याही शतकातल्या असू शकतात. दुष्काळ, रोजंदारी, रस्ता बांधणारं खातं, हे सगळं धुळीने पुसलं. धुळीने जे राहिलं, ते चौकटीने पुसलं. उरला रंग, आकार आणि एक सनातन भारत.

लेखक आणि फोटोग्राफर टेजू कोल यांनी मार्च २०१६मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मध्ये मॅकरींच्या भारतावर याच अंगाने कडक टीका केली होती. हे फोटो फार परफेक्ट आहेत, असा तिचा सूर होता. त्यानंतर काही आठवड्यांतच इटलीत मॅकरींच्या प्रदर्शनात एका फोटोग्राफरला क्यूबाच्या एका फोटोत फोटोशॉपची खूण सापडली. मग लोकांनी इतर फोटो धुंडाळले, आणि काही ठिकाणी चक्क माणसं आणि वस्तू काढून टाकल्याचं दिसलं. मॅकरींचं उत्तर असं, की मी स्वतःला पत्रकार नाही, दृश्यकथाकार मानतो.

माझ्या कामात एक दुखणं नेहमी भेटतं: ओव्हरफिटिंग. मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवताना दिलेली उदाहरणं इतकी पाठ करतं की ओळखीच्या प्रश्नाला अचूक उत्तर देतं आणि अनोळखी प्रश्न आला की गडबडतं. मॅकरींचा डोळा असा घडलेला दिसतो. लहानपणी पाहिलेलं मासिक, मग त्याच जातीच्या मासिकासाठी काम, मग त्याच फोटोंना मिळणारी दाद. दर फेरीत तोच नमुना आणखी घट्ट. मॉडेल निदान अनोळखी प्रश्नाला चुकतं तरी, आणि चुकलं की आपल्याला कळतं. फोटोग्राफरच्या हातात फोटोशॉप असलं की तो प्रश्नच बदलू शकतो. चौकटीत न बसणारा माणूस खोडता येतो. ब्रेकने पाणी घातलं, इथे माणसं काढली. झारी तीच.

तरीही शिंप्याचा फोटो मला या हिशेबाबाहेर पडलेला वाटतो, आणि ते केवळ त्याच्या हसण्यामुळे. संसार पाण्यात गेलाय, मशीन गंजून चाललंय, आणि हा माणूस हसतोय. दुःखाच्या फोटोची ऑर्डर देणाऱ्याच्या यादीत हे हसू नव्हतं. ते त्याने स्वतः दिलं. मॅकरी सांगतात की फोटो छापून आल्यावर मशीन बनवणाऱ्या कंपनीने त्याला नवं मशीन पाठवलं. म्हणजे कंपनीला तो सापडला. फोटोखालच्या ओळीत मात्र तो आजही फक्त 'शिंपी' आहे.

*

वादळाच्या फोटोच्या आधी सोळा वर्षं, १९६७ साली, रघुवीर सिंह यांनी बिहारमध्ये मुंगेरला एक फोटो काढला. पावसात गंगेकाठी चार बायका, चिंब साड्या अंगाला चिकटलेल्या, एकमेकींना बिलगून. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील. जयपूरला १९४२ साली जन्मलेले सिंह तेव्हा पंचविशीत होते, आणि तेही पुढे 'नॅशनल जिओग्राफिक'साठी काम करणारच होते. हा नमुना त्यांना साधला होता. तोच आयुष्यभर गिरवला असता तर भरपूर विकला गेला असता.

सिंह यांनी तसं केलं नाही. त्यांच्या नंतरच्या पुस्तकांत चौकट फुटत जाते. मधोमध एखादा खांब येतो आणि फोटोचे दोन तुकडे करतो. आरसा येतो आणि मागचं पुढे दिसतं. दुकानाच्या काचेत रस्त्याचं प्रतिबिंब येतं आणि आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं ते कळेनासं होतं. १९९४चं त्यांचं मुंबईवरचं पुस्तक बघावं. त्यात गेटवे, गणपती, लोकल हे सगळं आहे, पण शहर 'दाखवून टाकण्याचा' आव नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रस्तावनेच्या जागी व्ही. एस. नायपॉल यांच्याशी संवाद आहे. मोठ्या माणसाकडून आपली पाठ थोपटून घेण्याची सोय बाजूला ठेवून त्यांनी प्रश्नोत्तरं छापली, हेही त्यांच्या चौकटीला शोभतं.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते त्यांच्या मृत्यूनंतर, २००२मध्ये आलेलं पुस्तक: 'अ वे इनटू इंडिया'. विषय अँबेसेडर गाडी. वर्षानुवर्षं या गाडीतून देश फिरताना काढलेले फोटो. त्यांत गाडी लपवलेली नाही. पुढची काच, उघडं दार, साइड मिरर, खिडकीची कड, हे सगळं फोटोत आहे. बाहेरचा भारत या चौकटींतून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. आपण कुठे बसून बघतोय, हे बघणाऱ्याला विसरू दिलेलं नाही.

आता दोन्ही माणसं समोरासमोर ठेवा. मॅकरी टॅक्सीतून उतरले, आणि त्यांनी टॅक्सी फोटोतून गायब केली. सिंह बहुतेकदा गाडीतच राहिले, आणि त्यांनी गाडी फोटोत ठेवली. रील्सच्या हिशेबाने धाडस पहिल्याचं. माझ्या हिशेबाने डोळ्याच्या कम्फर्ट झोनमधून बाहेर पडले ते सिंह, आणि तेही सीटवर बसून. कारण प्रवासी फोटोग्राफरला सगळ्यांत अवघड जातं ते 'मी इथे पाहुणा आहे, माझ्यापुढे एक काच आहे' हे फोटोतच मान्य करणं. काच पुसून टाकली की फोटो सुंदर होतो. ठेवली की खरा होतो, आणि सिंह यांच्या हातात तो वर सुंदरही झाला.

*

इथपर्यंत प्रश्न चौकटीचा होता. आता प्रश्न माणसांचा येतो, आणि तो जड आहे.

मुंबईत ग्रँट रोडजवळ एक रस्ता आहे, पठ्ठे बापूराव मार्ग. एका मोठ्या शाहिराचं नाव. लोक मात्र त्याला अजून फॉकलंड रोड म्हणतात. अमेरिकन फोटोग्राफर मेरी एलन मार्क तिथे पहिल्यांदा गेली ती १९६८मध्ये. पुढची दहा वर्षं ती भारतात आली की या रस्त्यावर जायची आणि हाकलली जायची. कॅमेरा दिसला की भोवती पुरुषांचा गराडा पडायचा, आणि बायका तिच्यावर कचरा आणि पाणी फेकायच्या. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा आली आणि या वेळी तिने ठरवलं की हटायचं नाही. रोज यायचं, बसायचं. हळूहळू काही बायकांना तिचं कुतूहल वाटायला लागलं. ओळखी झाल्या, मग कोठ्यांची दारं उघडली. जवळपास तीन महिने ती तिथे होती. १९८१मध्ये 'फॉकलंड रोड' हे पुस्तक आलं.

तिने आणखी एक गोष्ट केली. तिची ओळख कृष्णधवल फोटोंची. या पुस्तकासाठी तिने रंग निवडला. कोठ्यांच्या निळ्या-हिरव्या भिंती, भडक पडदे, मेकअप, फुलांचे गजरे. कृष्णधवल रंगात हा विषय आपोआप 'करुण' झाला असता. रंगात तो तसा होत नाही. बायका कंटाळलेल्या दिसतात, हसताना दिसतात, जेवताना, झोपलेल्या, एकमेकींचे केस विंचरताना, भांडताना. आपल्याला दया दाखवायची घाई असते. हे फोटो ती सोय सहज करून देत नाहीत.

म्हणजे शरीराचा झोन ओलांडला, डोळ्याचाही ओलांडला. मग माझी तक्रार काय?

तक्रार ही, की बेचैनी सगळी फोटोग्राफरच्या खात्यावर जमा झाली, आणि जोखीम त्या बायकांच्या. पुस्तकात चेहरे उघडे आहेत. त्यांतल्या काही अजून मुलीच आहेत, कायद्याने अल्पवयीन. त्यांची परवानगी घेतली म्हटलं, तरी ती कोण देतंय? मुलगी स्वतः, की जिच्या ताब्यात ती आहे ती घरवाली? पुस्तक न्यूयॉर्कमधून, इंग्रजीत निघालं. त्या रस्त्यावरच्या किती जणींनी ते हातात धरलं असेल? १९८१ साली निदान कागदाचा अडसर होता. आज तेच चेहरे तुमच्या-माझ्या फोनवर दोन सेकंदांत येतात. त्या मुली जगल्या असतील तर आज साठीच्या आसपास असतील, कुणाच्या तरी आज्या असतील. त्या परवानगीची मुदत कधी संपली, हे त्यांना कुणी विचारलं?

मार्कचा आदर ठेवूनच हा प्रश्न विचारायला हवा. तिने तीन महिने दिले, आणि आजचा फोटो टूरवाला तीन मिनिटं देतो. पण 'मी किती सोसलं' हा फोटोच्या हक्काचा पुरावा होऊ शकत नाही. कचरा अंगावर फेकणं हेही एक उत्तर होतं. दहा वर्षं मिळालेला तो नकार आपण चिकाटीच्या गोष्टीतला अडथळा म्हणून वाचतो, कारण गोष्ट फोटोग्राफरने सांगितलेली आहे. फेकणाऱ्या बाईने सांगितली असती तर?

मराठीत ही गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली गेली आहे, आणि मार्कच्या पुस्तकाआधी. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. वस्ती तीच, कामाठीपुऱ्याच्या आसपासची. पण ढसाळ तिथे प्रवासी नव्हते, त्या गल्ल्यांतच वाढले होते. या लेखाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती त्या संग्रहाला असलेली विजय तेंडुलकरांची प्रस्तावना. तेंडुलकर तेव्हा मोठे नाटककार. ते ढसाळांबरोबर त्या भागात फिरले. आणि प्रस्तावनेत त्यांनी, मला या कवितांतले अनेक शब्द कळत नाहीत, असं सरळ लिहून त्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. पांढरपेशा जगातून बाहेर पाऊल टाकणाऱ्याने कसं वागावं, याचा इतका प्रामाणिक नमुना मला फोटोग्राफीच्या पुस्तकांत क्वचितच भेटला. आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं, आणि ज्याला कळतं त्याला विचारायचं. फोटोग्राफर सहसा हे करत नाही, कारण कॅमेऱ्याला न कळलेल्या गोष्टीचाही फोटो काढता येतो. कवितेतला शब्द अडला की वाचक थांबतो. शटर थांबत नाही.

*

चौथं नाव दयानिता सिंग यांचं. १९८९मध्ये लंडनच्या 'टाइम्स'साठी हिजड्यांवर काम करायला त्या जुन्या दिल्लीत गेल्या आणि तिथे त्यांना मोना अहमद भेटल्या. मोनांनी फोटो काढू दिले. मग कळलं की ते लंडनच्या वर्तमानपत्रात येणार. मोनांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये होते. त्यांनी रोल परत मागितला.

दयानितांनी तो देऊन टाकला.

मला वाटतं, या लेखातली सगळ्यांत अवघड कृती हीच आहे. पूर, वादळ, कचरा यांपेक्षा अवघड. असाइनमेंट हातची गेली, नाव गेलं, आणि समोर पोस्ट करण्यासारखं काहीही उरलं नाही. पण त्या परत दिलेल्या रोलमधून जी मैत्री सुरू झाली ती २०१७मध्ये मोना जाईपर्यंत टिकली. २००१मध्ये 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक आलं. त्यात मजकूर मोनांचा आहे, त्यांनी प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेल्सच्या रूपात. आपल्याबद्दल काय सांगायचं, कशावर चिडायचं, कुठे फुशारकी मारायची, ते त्या स्वतः ठरवतात. फोटोतलं माणूस बोलायला लागलं की फोटोग्राफरची मालकी सैल होते.

यानंतरची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. परदेशी माध्यमांना हवा असलेला, दुःखी आणि गरीब भारत पुरवायचं काम दयानितांनी सोडलं आणि त्या स्वतःच्या वर्गाकडे वळल्या. दिल्ली-मुंबईतली सुखवस्तू कुटुंबं, त्यांचे दिवाणखाने, सोफे, भिंतीवरची पोर्ट्रेट्स. २००३चं 'प्रायव्हसी' हे पुस्तक त्यातून आलं. म्हणजे कम्फर्ट झोनमधून बाहेर पडायला त्या घरी आल्या. गरिबाच्या झोपडीत कॅमेरा घेऊन शिरायला आपल्याला फारशी लाज वाटत नाही. स्वतःच्या काकांच्या फ्लॅटमध्ये, ते तुम्हाला जाब विचारू शकतात अशा ठिकाणी, कॅमेरा रोखायला वाटते. ही लाज कुठे वाटते आणि कुठे वाटत नाही, याचा नकाशा काढला तर आपल्या समाजाचाच नकाशा निघेल.

*

आता आपल्याकडे येऊ. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. त्या दिवशी घाटाच्या उतारावर फोटोग्राफर दाटीवाटीने उभे असतात. मी दोन वर्षं त्या गर्दीत उभा होतो, आणि संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या फोटो ग्रुपवर काय येणार हे सकाळीच सांगता आलं असतं. वरून टिपलेली घाटातली वळणदार रांग. डोक्यावर तुळस घेतलेली माउली. कपाळी गंध लावलेला सुरकुतलेला चेहरा, मागचं सगळं धूसर. सगळे पहाटे उठलेले, सगळे पावसात भिजलेले, सगळे शरीराच्या कम्फर्ट झोनबाहेर. आणि सगळ्यांचे फोटो एकाच प्रीसेटमधले.

त्या गर्दीत न काढलेले फोटोही मला दिसत होते. दिंडीचा नंबर लिहिलेले ट्रक, त्यांवर बांधलेल्या ताडपत्र्या आणि गॅसचे सिलिंडर. पाण्याचे टँकर. फिरत्या शौचालयांपुढची बायकांची रांग. एका बोर्डाला दहा-दहा मोबाइल चार्जिंगला लावून त्यांची राखण करत बसलेला पोरगा. पायाला तेल चोळून घेताना व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलणारे आजोबा. हे सगळं वारीच आहे. उलट वारी चालते ती यावरच. पण आपला डोळा ते 'फ्रेम खराब करतं' म्हणून टाळतो. कुठल्या शतकातली वारी आपल्याला हवी आहे, हे आपण आधीच ठरवून आलोय. झारी आपल्याही हातात आहे.

मग प्रवासातल्या फोटोची पारख करायची कशी? मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत, दुसऱ्यांचे फोटो बघतानाही तेच विचारतो. पहिला: या फोटोत असं काही आहे का, जे फोटोग्राफरने मागितलं नव्हतं? शिंप्याचं हसू हे त्याचं उदाहरण. दुसरा: बघणारा कुठे उभा आहे, हे फोटो कबूल करतो का? अँबेसेडरची काच हे त्याचं. तिसरा: फोटोतल्या माणसाला नाही म्हणता आलं असतं का, आणि म्हटलं असतं तर ऐकलं गेलं असतं का? परत दिलेला रोल हे त्याचं.

पहिल्या दोन प्रश्नांत फोटो नापास झाला तर फार तर तो कंटाळवाणा ठरेल. तिसऱ्यात नापास झाला तर कुणाचं तरी खरंखुरं नुकसान होतं, आणि ते भोगणारा माणूस आपल्या फॉलोअर्समध्ये नसतो. म्हणून तिसऱ्याला मी जास्त गुण ठेवतो. यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. या कसोटीवर 'फॉकलंड रोड'मधले काही फार ताकदीचे फोटो बाद होतात, आणि ते बाद झाले तर त्या रस्त्याबद्दलची आपली समज थोडी गरीब होईल. तरी मी ती गरिबी पत्करेन. एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीने माझी समज वाढवण्याची किंमत मोजावी, हे मला मान्य नाही.

येत्या आषाढात दिवे घाटात जाणार असाल तर जरूर जा, पहाटे उठून जा. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याचा फोटोही काढा. फक्त काढण्याआधी शेजारी बसा, नाव विचारा, गाव विचारा, कुठल्या दिंडीतून आलात ते विचारा. पाठीवरच्या बोचक्यात काय आहे ते विचारा. काढलेला फोटो त्यांना दाखवा, आणि त्यांनी 'हा नको' म्हटलं तर त्यांच्यासमोर डिलीट करा. बहुतेक जण तसं म्हणत नाहीत. म्हणतात, "माझ्या पोराच्या नंबरावर पाठव." नंबर लिहून घ्या आणि रात्री घरी आल्यावर, एडिट करायला बसण्याआधी, तो फोटो पाठवून द्या.